बारा वर्षांच्या डावखुऱ्या मुलीला कोणती हॉकी स्टिक घ्यावी?

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. उंची चार फूट नऊ इंच. यंदा तिच्या शाळेत हॉकी सुरू झाली आणि पोरीनं त्याचं वेडच घेतलंय. आतापर्यंत शाळेची स्टिक वापरत होती, आता तिला स्वतःची हवी. दुकानात गेलो तर चौदाशे रुपयांपासून अठरा हजारांपर्यंतच्या स्टिक ओळीनं टांगलेल्या. दुकानदार म्हणाले, 'नव्वद टक्के कार्बनची घ्या, फटका जबरदस्त बसतो.' सासरे म्हणतात, ध्यानचंद लाकडी स्टिकनं खेळले, लाकडीच घ्या. ह्यांचं म्हणणं, पोर वाढतीये, दोन इंच मोठी घेऊन ठेवू. त्यात मुलगी डावखुरी, आणि डावखुऱ्यांची स्टिक कुठं मिळते तेच कळेना. नेमकं पाहायचं तरी काय?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या घरातलं कुणीच अगदी चुकीचं बोलत नाहीये, ही यातली गंमत आहे. प्रत्येकाच्या हाती प्रश्नाचा एकेक तुकडा आहे. तुम्ही जे सगळ्यात शेवटी विचारलंय ते आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे.

डावखुऱ्यांची हॉकी स्टिक सामन्यात चालत नाही. हॉकीच्या नियमांप्रमाणे स्टिकची सपाट बाजू फक्त डावीकडे असते. उजवीकडची बाजू, म्हणजे पाठ, गोलसर असते आणि तिनं चेंडू खेळणं हा फाऊल. क्रिकेटमध्ये डावखुरा फलंदाज सरळ दुसऱ्या बाजूनं उभा राहतो. हॉकीत तशी सोय नाही. मैदानावरचे सगळे जण, मग ते घरी कोणत्याही हातानं लिहीत असोत, स्टिक एकाच पद्धतीनं धरतात: डावा हात मुठीच्या वरच्या टोकाला, उजवा खाली.

हा डावखुऱ्यांवर अन्याय वाटेल, पण खेळाची सगळी आखणीच या एकसारखेपणावर उभी आहे. प्रत्येकाचा जोर उजव्या अंगाला असतो. समोरासमोर आलेल्या दोघांमध्ये माझी उजवी बाजू म्हणजे तुमची डावी, म्हणजेच तुमची अडचणीची बाजू. म्हणून चेंडू घेऊन येणारा खेळाडू बचाव करणाऱ्याच्या डाव्या हाताकडून निसटू पाहतो आणि बचाव करणारा तीच वाट आधी बंद करतो. काही जणांच्या हाती उलट्या स्टिक दिल्या तर हा हिशोब तर कोलमडेलच, शिवाय दोन स्टिक एकाच जागी जोरात येऊन आदळण्याचे प्रसंगही वाढतील.

आता तुमच्या मुलीचा फायदा सांगतो. चेंडू डावीकडून उजवीकडे ओढायचा तर स्टिक मनगटात फिरवून तिचं टोक खाली करावं लागतं. हे फिरवण्याचं काम वरचा, म्हणजे डावा हात करतो. उजव्या हातानं स्टिक सैल धरायची असते. उजव्या हाताच्या मुलांना नेमकं हेच जमत नाही. ती उजव्या मनगटानं स्टिक पिळत बसतात आणि सर ओरडत राहतात. धावत जाऊन एका हातानं पुढे स्टिक घालून चेंडू काढायचा असतो, तोही बहुधा डाव्याच हातानं. तेव्हा मुलगी डावखुरी आहे ही काळजी सोडून द्या आणि साधी स्टिक घ्या.

पुढचं समजायला नियम स्टिकबद्दल काय सांगतात ते थोडं पाहू. स्टिक मुठीवरच्या पट्टीसकट 51 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या कड्यातून पार व्हायला हवी. वजन 737 ग्रॅमपेक्षा जास्त नको, लांबी 105 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. धातू कुठंही चालत नाही. बाकी लाकूड, काच, कार्बन, काहीही चालतं. मोठ्या फटक्यांच्या जाहिराती वाचताना आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. ठरावीक चाचणीत स्टिकच्या टोकाचा जो वेग असेल, त्याच्या 98 टक्क्यांपेक्षा जास्त वेग चेंडूला मिळता कामा नये. म्हणजे कितीही महाग स्टिक घेतली तरी ती चेंडूला पदरचा वेग देत नाही. जोर खेळाडूच्या अंगातूनच यावा लागतो. स्टिक त्यातला कमी वाया घालवते की जास्त, एवढाच फरक.

आता लांबी. हॉकीत ती इंचात सांगतात. मोठ्या माणसांत सगळ्यात चालणारं माप साडेछत्तीस इंच. उंच खेळाडू साडेसदतीस घेतात. मुलांच्या स्टिक 26 इंचांपासून मिळतात. माप घेण्याच्या दोन रीती प्रचारात आहेत. आपल्याकडची जुनी रीत म्हणजे स्टिक पायाशेजारी जमिनीवर उभी करायची आणि मुठीचं टोक कमरेच्या हाडाशी येतंय का ते पाहायचं. दुसरीत स्टिक उलटी करतात. वळलेला भाग काखेत अडकवायचा आणि मुठीचं टोक गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर येतं का बघायचं. दुसऱ्या रीतीनं थोडी लांब स्टिक निघते, म्हणून दोन दुकानांत दोन मापं सांगितली तर कुणी फसवतंय असं समजू नका. चार फूट नऊ इंचांच्या मुलीला चौतीस इंची स्टिक येईल. हातपाय लांब असतील तर पस्तीस.

छत्तीस इंची मात्र नको, आणि हे तुमच्या यजमानांना जरा समजावून सांगा. गणवेश दोन इंच मोठा घेतला तर खालून दुमडता येतो, स्टिक दुमडता येत नाही. स्टिक लांब असली की मूल ताठ उभं राहून खेळायला लागतं, कारण वाकलं की मुठीचं टोक पोटात रुततं. ते टाळायला डावं कोपर बाहेर फेकलं जातं, चेंडू पायांपासून लांब जातो आणि स्टिक मनगटात फिरायच्या ऐवजी खांद्यातून फिरायला लागते. मुलं हुशार असतात. लांब स्टिक मिळाली की ती डावा हात आपसूक दोन इंच खाली सरकवतात. मग मुठीचा वरचा तुकडा नुसता हवेत हलत राहतो आणि आपण लांबीसाठी दिलेले पैसेही तिथंच हलत राहतात. सगळ्यात वाईट म्हणजे या चुकीच्या सवयी उंची वाढल्यावर जात नाहीत. फार फार तर एक इंच मोठी घ्या. दीड-दोन वर्षांत बदलावी लागणारच असं धरून चाला, आणि पहिल्या स्टिकवर फार पैसे न घालण्याचं हेच एक कारण पुरेसं आहे.

लांबीच्या उलट बाजूची चूक सहसा होत नाही, म्हणून तिच्याबद्दल एवढंच की आखूड स्टिकनं कंबर जास्त वाकते आणि थोड्या वेळात पाठ भरून येते.

वजन. मोठ्यांच्या आजच्या बहुतेक स्टिक साधारण 520 ते 560 ग्रॅमच्या आसपास असतात. मुलांच्या त्याहून हलक्या. पण पाटीवरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. दोन स्टिकचं वजन सारखं असूनही एक हातात हलकी वाटते आणि एक जड, याचं कारण वजन कुठं साठलंय ते. वजन टोकाकडे असेल तर फटक्याला जोर येतो, पण चेंडूवर स्टिक या बाजूची त्या बाजूला करायला वेळ लागतो. तेच मुठीकडे असेल तर स्टिक चटकन वळते. तपासायचं तर स्टिक आडवी धरून एका बोटावर तोला आणि ती कुठं तोलली जाते ते पाहा. दोन स्टिक शेजारी शेजारी तोलल्या की फरक लगेच दिसेल. बारा वर्षांच्या मनगटाला हलकी आणि मुठीकडे तोल असलेली स्टिक बरी. मुलीला दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी अशी मिनिटभर भराभर फिरवायला सांगा. मिनिटभरात मनगट दुखलं तर ती स्टिक तासाभराच्या सरावाला नक्कीच जड आहे.

आता सासऱ्यांचं लाकूड आणि दुकानदारांचा कार्बन. हा या प्रश्नातला खरा वाद आहे, म्हणून जरा बैजवार पाहू.

सासरे म्हणतात ते खोटं नाही. 1928 साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये ध्यानचंदांनी 14 गोल केले ते लाकडी स्टिकनंच. तेव्हा दुसरी स्टिकच नव्हती! पण लाकडालाही आपली गोष्ट आहे. इंग्लंडात स्टिक अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची करत. त्या स्टिकचं वळलेलं टोक लांब असायचं. आपल्याकडच्या कारागिरांनी तुतीचं लाकूड घेतलं. तुती चिवट असते, वाफ दिली की चांगली वाकते आणि वाकवताना धागा तुटत नाही. त्यामुळे वळण घट्ट आणि टोक आखूड करता आलं. टोक आखूड असलं की स्टिक चेंडूवरून झटकन फिरते. भारतीय खेळाडूंच्या हातातल्या चेंडूच्या नाचाला हे टोक फार उपयोगी पडलं. मुठीला वेत बसवत आणि वेताच्या फाकांमध्ये रबराच्या पट्ट्या घालत, म्हणजे फटक्याचा झटका हातापर्यंत येताना मऊ व्हायचा. या धंद्याचं मोठं केंद्र फाळणीपूर्वी सियालकोट होतं. 1947 नंतर तिथले अनेक कारागीर जालंधर आणि मेरठला आले, आणि आजही भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ स्टिकवर जालंधरचा पत्ता दिसतो.

ध्यानचंदांचा विषय निघालाच आहे तर ती चुंबकाची गोष्टही उरकून टाकू, कारण सासरे ती नातीला सांगणारच. चेंडू त्यांच्या स्टिकला असा चिकटून राहायचा की हॉलंडमध्ये ती मोडून आत चुंबक आहे का पाहिलं, असं सांगतात. चुंबकाच्या जागी डिंक असलेली आवृत्तीही आहे. गोष्ट म्हणून ती छानच आहे. पण त्या काळचा चेंडू म्हणजे आत बूच आणि दोरा, वरून शिवलेलं कातडं. त्यात लोखंडाचा कणही नसायचा, तेव्हा चुंबक चेंडूला ओढणार कसा? चेंडू चिकटायचा तो हातामुळे. सैल धरलेला खालचा हात, चेंडू लागताच किंचित मागे येणारी स्टिक आणि आखूड टोक. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तुमची मुलगी कोणत्याही स्टिकवर शिकू शकते.

मग लाकूड मागे का पडलं? कारण मैदान बदललं. 1976 साली माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली. गवतावर किंवा मातीवर चेंडू उसळत, अडखळत येतो. कृत्रिम मैदानावर तो सरळ आणि भन्नाट वेगानं येतो. त्यामुळे लांब आणि जोरदार पासचं महत्त्व वाढलं. शिवाय त्या मैदानावर पाणी मारतात, आणि लाकूड पाणी पितं. ते फुगतं, जड होतं, चिकटवलेले थर सुटतात. 1980च्या दशकात स्टिकचं डोकं लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवून इंग्रजी यू अक्षरासारखं वाकवायला लागले. 1990च्या दशकात लाकूड पूर्णपणे सोडून तंतूंच्या स्टिकना परवानगी मिळाली. आज आंतरराष्ट्रीय सामन्यात लाकडी स्टिक शोधूनही सापडणार नाही.

या नव्या स्टिक पोकळ असतात. राळ लावलेली तंतूंची कापडं थरावर थर गुंडाळून साच्यात घालतात, आतून हवेचा दाब आणि बाहेरून उष्णता देतात, आणि थर एकजीव होतात. तंतू मुख्यतः तीन प्रकारचे. काचेचे, म्हणजे फायबरग्लास: लवचीक, टिकाऊ, स्वस्त. कार्बनचे: ताठ, हलके, महाग. आणि अ‍ॅरामिड, ज्याचा केव्हलार हा प्रकार आपण ऐकलेला असतो: तो झटका शोषतो. बाजारातली स्टिक म्हणजे या तिन्हींचं कमीजास्त मिश्रण, आणि 'नव्वद टक्के' म्हणजे त्यातला कार्बनचा वाटा.

कार्बन ताठ आहे म्हणून फटक्याच्या क्षणी स्टिक कमी वाकते आणि जोर चेंडूत जातो. इथपर्यंत दुकानदार बरोबर आहेत. पण तोच ताठपणा चेंडू अडवताना आडवा येतो. वेगानं आलेला चेंडू ताठ स्टिकवर आदळून टप्पकन पुढे उडतो. लवचीक स्टिकवर तो थोडा जिरतो. हॉकीचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा आणि दगडासारखा कडक असतो. ताठ स्टिकवर तो जरा टोकाशी किंवा कडेला लागला की हात झिणझिणतात, आणि नवख्या मुलांचा चेंडू बहुतेक वेळा कडेलाच लागतो. एकदा हात झिणझिणला की मूल पुढचा चेंडू घाबरत अडवतं. आता शाळेच्या सरावात मुलगी पूर्ण जोरानं किती वेळा मारते आणि चेंडू किती वेळा अडवते, हे एखाद्या दिवशी काठावर बसून पाहा. अडवणं कितीतरी पटीनं जास्त भरेल. तिची स्टिक ज्या कामासाठी जास्त वापरली जाणार आहे, त्या कामाला चांगली असायला हवी.

टक्केवारीबद्दल आणखी एक सावधगिरी. ती मोजायची सगळ्या कंपन्यांना बंधनकारक अशी एकच पद्धत नाही. थर कुठं आणि कसे घातलेत, राळ किती आहे, यावरही ताठपणा ठरतो. त्यामुळे एका कंपनीची सत्तर टक्क्यांची स्टिक दुसरीच्या नव्वदपेक्षा ताठ असू शकते. जास्त कार्बनच्या स्टिक फटका सहन करतात, पण दुसऱ्या स्टिकचे आडवेतिडवे वार सहन करत नाहीत. कडेला टवके उडतात, मग केसाएवढी भेग पडते. शाळेच्या हॉकीत चेंडूपेक्षा स्टिकलाच स्टिक जास्त लागते, हे काही तुम्हाला सांगायला नको.

म्हणून मुलीसाठी मुख्यतः फायबरग्लासची, कार्बन नसलेली किंवा फार तर वीस-तीस टक्के असलेली स्टिक घ्या. चौदा-पंधराव्या वर्षी हातात जोर आला आणि खेळ टिकला, की मग पन्नासच्या घरात जाता येईल. सासऱ्यांच्या शब्दालाही मान देता येतो. मैदान मुरमाचं असेल आणि चांगली तुतीची स्टिक मिळत असेल, तर पहिल्या वर्षासाठी ती वाईट नाही. स्वस्त असते आणि हाताला मऊ लागते. मुरूम स्टिकच्या तळाला सॅंडपेपरसारखा खातो. तिथं अठरा हजारांची स्टिक घासून घेण्यात कसला आनंद आहे? फक्त पावसात भिजू देऊ नका. मैदान कृत्रिम असेल तर लाकडाचा विचारही नको.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण दुकानदार सुचवतील. ती म्हणजे बाक, ज्याला खेळाडू 'बो' म्हणतात. स्टिकची सपाट बाजू खाली करून ती टेबलावर ठेवा. ती पूर्ण टेकणार नाही, मध्ये फट दिसेल. ही फट नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 25 मिलिमीटर असू शकते, आणि सर्वांत मोठी फट स्टिकच्या तळापासून 200 मिलिमीटरच्या आत चालत नाही. काही स्टिकमध्ये ती दांड्याच्या मध्याकडे असते, काहींमध्ये अगदी खाली, नियमाच्या सीमेला टेकून. या दुसऱ्या प्रकाराला 'लो बो' म्हणतात आणि तो भारी म्हणून विकला जातो.

तो भारी का मानला जातो याची साखळी मजेदार आहे. पेनल्टी कॉर्नरवर पहिला प्रयत्न जर फटका असेल, तर चेंडूनं गोलरेषा 460 मिलिमीटरच्या आतल्या उंचीवरून ओलांडली पाहिजे. गोलच्या तळाच्या फळ्या तेवढ्याच उंच असतात. पण चेंडू मारला नाही, नुसता ढकलून उचलला, तर ही अट नाही. मग खेळाडूंनी शक्कल काढली ती ड्रॅग-फ्लिकची. चेंडू दांड्याच्या खालच्या भागावर घ्यायचा, पुढे ओढत न्यायचा आणि सगळ्या अंगाच्या पिळानं गोलच्या वरच्या कोपऱ्यात फेकायचा. ओढताना चेंडू दांड्यावरून घसरू नये म्हणून खाली खोल बाक लागतो. हरमनप्रीत सिंगनं 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 10 गोल केले ते सगळे पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवर, आणि भारताला कांस्य मिळालं. आता टीव्हीवर ते पाहिलेल्या प्रत्येक मुलाला तशी स्टिक हवी असते. तर अशी ही नियमापासून निघून दुकानाच्या खुंटीपर्यंत आलेली गोष्ट.

पण ड्रॅग-फ्लिकला उपयोगी पडणारा तोच खोल बाक साध्या फटक्याला नडतो. नेहमीसारखी स्टिक धरली तर तिचा चेहरा किंचित मागे झुकतो आणि सरळ मारलेला चेंडू जमिनीवरून उठतो. गोलवर मारलेला सोडून मुद्दाम उचललेला फटका नियमात बसत नाही, आणि चुकून उडालेला चेंडूही कुणाला इजा करेल असा असला तर पंच शिट्टी वाजवतात. कसलेले खेळाडू हाताचा कोन बदलून हे सांभाळतात. नवख्या मुलीनं सांभाळायचं काही कारण नाही. तिला साधा, मध्यावरचा बाक घ्या. ड्रॅग-फ्लिकला पाठ आणि मांड्या तयार व्हाव्या लागतात. त्याला अजून वेळ आहे.

टोकाच्या आकारावर फार वेळ घालवू नका. मोठ्या, जास्त वर वळलेल्या टोकाची स्टिक बचाव करणाऱ्यांना आवडते, कारण चेंडू अडवायला जागा जास्त मिळते. 'मिडी' नावाचा मधला आकार सगळ्या कामांना बरा आणि मुलांसाठी तोच ठीक. मुलगी कोणत्या जागेवर खेळणार हे तिच्या सरांनाही अजून माहीत नसेल. ती गोलरक्षक झाली तर मात्र स्टिक वेगळी लागते, तेव्हा पुन्हा लिहा. आणखी एक फसगत म्हणजे इनडोअर हॉकीची स्टिक. ती पातळ आणि हलकी असते, हातात घेतली की मुलांना फार आवडते. पण ती फटके मारण्यासाठी नसतेच, कारण इनडोअरमध्ये फटका मारायला मनाई आहे. मैदानावर ती मोडेल.

दुकानात गेल्यावर स्टिक डोळ्यासमोर धरून दांडा मुठीपासून टोकापर्यंत पाहा. बाक सोडून बाजूला वळलेली नको. बोटाच्या पेरानं दांड्यावर टकटक करत खाली या. आवाज सगळीकडे सारखा हवा, मध्येच बसका झाला तर आत थर सुटला असण्याची शक्यता. वापरलेली स्टिक घेत असाल तर हे दुप्पट काळजीनं करा, कारण तंतूंची स्टिक मोडण्याआधी आतून नरम पडते आणि बाहेरून रंगानं छान दिसत राहते. मूठ मुलीच्या पंजात नीट बसते का तेवढं बघा. पट्टीचा रंग आवडला नाही म्हणून स्टिक नाकारू नका. पट्टी स्वस्तात बदलून मिळते, आणि घामट हातांना टॉवेलसारखी पट्टी बरी पडते. घरी आल्यावर स्टिक बंद गाडीत उन्हात टाकून ठेवू नका, उष्णतेनं राळ नरम होते.

अठरा हजारांची स्टिक घेतली नाही म्हणून मुलगी मागे पडेल, ही धास्ती पालकांना असते. खडकीत वाढलेले धनराज पिल्लै लहानपणी मोडक्या स्टिक आणि लोकांनी टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळ शिकले आणि पुढे चार ऑलिम्पिक खेळले. म्हणून मुलीला मोडकी स्टिक द्या असं मी म्हणत नाही. पण दुकानातल्या त्या ओळीत तुमच्या कामाची स्टिक खालच्या चौथ्या हिश्शातच टांगलेली असेल.

तर तुमच्यासाठी चिठ्ठी अशी: चौतीस इंची, हलकी, मुठीकडे तोल असलेली, साध्या बाकाची, मिडी टोकाची, फायबरग्लासची. निवडताना मुलीला बरोबर न्या आणि शेवटच्या दोन स्टिकमधली तिच्या हाताला आवडेल ती घ्या. वाचलेल्या पैशांतून पायांची शिनगार्ड आणि दातांचं माउथगार्ड त्याच दिवशी घ्या. ती घेतल्याशिवाय तिला सरावाला पाठवू नका.